मदत हवी आहे : श्वासमार्ग मोजण्याच्या उपकरणाचे तोंडात जाणारे भाग सुटे कसे करावेत?

करवीरकर

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी लहानशी टूलरूम आहे. आमचे नेहमीचे काम जिग, फिक्श्चर आणि तपासणीच्या गेजचे. वैद्यकीय क्षेत्राशी आजवर संबंध आलेला नाही. एका भूलतज्ज्ञ स्नेह्यांच्या सांगण्यावरून सध्या एक उपकरण करायला घेतले आहे. त्यातील मोजमापाची बाजू मला कळते, मात्र निर्जंतुकीकरणाची बाजू आणि या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे विचारण्यासाठी हा धागा काढत आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाईल का, याचा अंदाज भूलतज्ज्ञ आधीच घेऊन ठेवतात. त्यासाठी मल्लमपाटी वर्गीकरणासारख्या (तोंड उघडल्यावर घशाचा मागचा भाग किती दिसतो हे पाहण्याच्या) नजरेने करायच्या चाचण्या आहेत, तशाच प्रत्यक्ष मोजण्याच्याही काही आहेत. पूर्ण तोंड उघडल्यावर वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमधले अंतर किती आहे हे पाहतात. ते ३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरले तर सावध होतात. मान मागे टाकून, तोंड मिटून कंठमण्याच्या खाचेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर घेतात. याला पाटील चाचणी असेही म्हणतात आणि १९८३ मध्ये मांडलेली तिची मर्यादा ६.५ सेंटिमीटर आहे. व्यवहारात ही दोन्ही मापे बहुतेक वेळा बोटांनीच घेतली जातात. बोटे कोणाची, यावर तीन बोटांचे माप बदलते, आणि तपासणीच्या कागदावर आकडा येण्याऐवजी 'पुरेसे' एवढाच शब्द येतो. आपल्याकडे सुपारी आणि गुटख्यामुळे होणाऱ्या ओरल सबम्युकस फायब्रोसिसचे (तोंडाचे आतले अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या विकाराचे) रुग्ण इतके आहेत (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरीही) की तोंड किती मिलिमीटर उघडते याची नोंद रुग्णागणिक ठेवणे उपयोगी ठरेल, असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे.

माझा पहिला नमुना साधा आहे. बाजारात मिळणाऱ्या डिजिटल व्हर्नियरची पट्टी घेऊन तिच्या दोन्ही जबड्यांवर सुमारे ७० मिलिमीटर लांबीचे दोन आडवे बाहू बसवले. बाहूंची टोके तोंडात जातात आणि त्यांच्या बाहेरच्या कडा वरच्या व खालच्या दातांना टेकतात. डिजिटल पट्टी वाफेत टाकता येणार नाही हे उघड असल्यामुळे बाहू सुटे होतील अशी रचना केली आहे: प्रत्येक बाहूचा मागचा टोकदार भाग १० मिलिमीटर खोल चौकोनी खाचेत बसतो आणि स्प्रिंगवरची गोळी त्याला अडकवून धरते. पट्टी एकच ठेवावी आणि बाहूंच्या अनेक जोड्या कराव्यात, म्हणजे एक जोडी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) असताना दुसरी वापरता येईल, असा हिशेब होता.

अडचण अशी आहे की बाहू काढून पुन्हा बसवले की माप बदलते. जबडे मिटवून शून्य केल्यावरही ज्ञात अंतराच्या दोन ठोकळ्यांमध्ये धरून पाहिले तर एक ते दीड मिलिमीटरचा फरक येतो. खाच घट्ट केली की परिचारिकेला बाहू सहज काढता येत नाही. सैल केली की फरक वाढतो. त्यामुळे पुढील गोष्टींबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. जोड नेमका कोठे असावा? गोळी-स्प्रिंगऐवजी चुंबक वापरला तर चालेल का, कारण त्यात खाच नसल्याने स्वच्छता सोपी वाटते? बाहू पोलादाचे करावेत की ऑटोक्लेव्हमध्ये टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे? आणि तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात जी साधने असतात त्यांत हे भाग खरोखर निर्जंतुक होतील, याची खात्री रचना करतानाच कशी करून घ्यावी?

निद्रादेवी

मी भूलतज्ज्ञ आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी सांगते, त्यांवरून तुमचे बरेचसे निर्णय सोपे होतील.

पहिली गोष्ट अचूकतेची. आम्हाला दशांश मिलिमीटर नको आहे. एकाच रुग्णाने लागोपाठ दोनदा तोंड उघडले तरी माप तंतोतंत तेच येत नाही, आणि मान सरळ आहे की किंचित मागे टाकलेली आहे यावरही तोंडाचे उघडणे बदलते. माझा निर्णय बदलतो तो अंतर ४० आहे, ३० आहे की १५ आहे यावर. एक मिलिमीटरपर्यंत विश्वासार्ह असलेली पट्टी पुरे. म्हणून डिजिटल भाग ठेवण्याचा आग्रह कशासाठी, याचा पुन्हा विचार करा. तो काढला की सुटे भाग करण्याचे तुमचे अर्धे कारणच संपते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तोंडात जाणारा भाग सुटा होऊ शकतो, म्हणजेच तो तोंडात सुटूही शकतो. गोळी-स्प्रिंगची पकड झिजली आणि रुग्ण अचानक चावला, तर भाग घशाकडे जाण्याचा धोका आहे. दातांना लागू नये म्हणून टोकांवर सिलिकॉनच्या टोप्या बसवण्याचा मोह तुम्हाला पुढे होईल. कृपया तसे करू नका. गिळला किंवा श्वासनलिकेत ओढला जाऊ शकेल एवढा लहान सुटा भाग या उपकरणात असताच कामा नये. जे सुटे होईल त्याचे दुसरे टोक नेहमी ओठांबाहेर, हातात राहील एवढे मोठे असावे. टोके गोलसर करा, पण रुंद ठेवा, कारण दात नसलेल्या वृद्धांमध्ये आम्ही हिरड्यांमधले अंतर घेतो आणि तेथे अरुंद धार टोचते.

तिसरे, बाहूंची जाडी. दोन्ही टोके प्रत्येकी ३ मिलिमीटर जाड असली तर ६ मिलिमीटरच्या खालचे माप तुमचे उपकरण घेऊच शकणार नाही. ते चालेल, मात्र त्याहून जाड करू नका. ज्यांचे तोंड १५ मिलिमीटरही उघडत नाही अशाच रुग्णांसाठी हे माप सर्वाधिक मोलाचे आहे.

हनुवटीच्या मापासाठी मात्र हेच उपकरण वापरण्याचा घाट घालू नये, असे माझे मत आहे. ते माप कातडीवरून घ्यायचे असते. त्याला एक साधी, वेगळी पोलादी पट्टी पुरते आणि ती पुसून घेतली तरी चालते. मानेवर फिरवलेली वस्तू पुढच्या क्षणी तोंडात घालण्याची सोय तुम्ही स्वतःहून करून देऊ नका.

दाबपात्र

रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात, म्हणजे सीएसएसडीत, अनेक वर्षे काम करतो. निद्रादेवी मॅडमनी शेवटी जे सांगितले त्याला आमच्या शास्त्रात नाव आहे: स्पॉल्डिंग वर्गीकरण. शाबूत कातडीला लागणारे साधन अल्प जोखमीचे, ते स्वच्छ करून जंतुनाशकाने पुसले तरी भागते. तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला लागणारे साधन मध्यम जोखमीचे; त्याला किमान उच्च पातळीचे जंतुनाशन (हाय लेव्हल डिसइन्फेक्शन) लागते आणि ते उष्णता सोसणारे असेल तर सरळ वाफेतून काढावे. तुमची पट्टी पहिल्या गटात आणि बाहू दुसऱ्या गटात येत होते, म्हणून जोड त्या दोहोंच्या सीमेवर ठेवण्याचा तुमचा विचार मुळात योग्य दिशेचा आहे. पण रुग्णाची लाळ ती सीमा ओळखत नाही. ती बाहूवरून ओघळून तुमच्या चौकोनी खाचेत उतरते, आणि खाच तर न उकळता येणाऱ्या पट्टीत आहे. बाहूवर प्लॅस्टिकचे आवरण चढवले तरी आतल्या भागाची प्रक्रिया टळत नाही, कारण आवरणे फाटतात.

तालुक्याच्या रुग्णालयात बहुधा उभा ऑटोक्लेव्ह असतो: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या साधनांसाठी ३० मिनिटे. त्यात निर्वात पंप नसतो. वाफ वरून हवेला खाली ढकलत बाहेर काढते. बंद तळाच्या भोकात अडकलेली हवा त्यात निघत नाही, आणि जेथे हवा राहिली तेथे वाफ पोहोचलीच नाही असे समजावे. दंतवैद्यांकडे असतात त्या बी वर्गाच्या यंत्रांत आधी निर्वात होते व १३४ अंशांवर काम लवकर उरकते, पण ते यंत्र सगळीकडे असेल हे गृहीत धरू नका. म्हणून रचनेचा नियम सोपा ठेवा: आंधळे भोक नको, स्प्रिंगमागची पोकळी नको, आतल्या बाजूने काटकोनी कोपरा नको. तुमची गोळी-स्प्रिंग या तिन्ही गोष्टी एकाच जागी करते. जे नळाखाली धरून ब्रशने घासता येत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, ते निर्जंतुक झाले असे मी कधीच लिहून देणार नाही, कारण वाळलेल्या लाळेच्या थराखाली वाफही नीट काम करत नाही.

चुंबकाबद्दल: नेहमी मिळणारे निओडिमियमचे चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात आणि त्यांचा निकेलचा मुलामा वाफेत उचलला जातो. समेरियम-कोबाल्टचे चुंबक त्याहून कितीतरी जास्त तापमान सोसतात, पण तेही ठिसूळ असतात आणि पोलादात बंद करून जोडावे लागतात. शिवाय मॅडमनी सांगितलेला तोंडात सुटण्याचा धोका चुंबकाने वाढतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही पुस्तकापेक्षा वॉर्डात जास्त दिसते. वापरलेले प्रत्येक साधन सोडियम हायपोक्लोराइटच्या बादलीत बुडवून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. क्लोरीनमुळे स्टेनलेस पोलादालाही खड्डे पडतात, आणि ॲनोडाइज केलेले ॲल्युमिनियम अल्कधर्मी डिटर्जंटने उतरते. तुमच्या सूचनापत्रात 'एन्झाइमच्या द्रावणात भिजवावे, हायपोक्लोराइटमध्ये ठेवू नये' हे वाक्य ठळक अक्षरांत असायला हवे.

करवीरकर

दोघांचाही मनापासून आभारी आहे. डिजिटल भाग काढून टाकण्यास माझी हरकत नाही. मग संपूर्ण उपकरणच पीपीएसयूसारख्या प्लॅस्टिकमधून ओतून घ्यावे का? ते १३४ अंशांतही टिकते असे पुरवठादार सांगतात, आणि वजन व किंमत दोन्ही कमी होईल.

जुना_टूलमेकर

प्लॅस्टिक तापमान सोसेल, पण तुमचा बाहू सोसणार नाही. हिशेब करून पाहा. बाहू ७० मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३ जाड आहे असे धरले आणि टोकावर ५ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास दाब आला, तर स्टेनलेस पोलादाचा बाहू सव्वा दशांश मिलिमीटर वाकतो. पीपीएसयूचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शाएवढा आहे, त्यामुळे तोच बाहू १० मिलिमीटरहून अधिक वाकेल. म्हणजे तुम्ही रुग्णाचे तोंड न मोजता बाहूचा लवचिकपणा मोजत बसाल. जाडी वाढवायला मॅडमची परवानगी नाही. तेव्हा पोलादच.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे फरक का येतो. १० मिलिमीटर लांबीच्या बैठकीत (बाहू खाचेत बसतो त्या भागात) एक दशांश मिलिमीटरचा प्ले, म्हणजे सैलपणा, असला की ७० मिलिमीटर दूरच्या टोकाला तो सातपट होतो, म्हणजे ०.७ मिलिमीटर. बाहू दोन, म्हणून १.४. तुमचा एक ते दीडचा फरक तंतोतंत येथूनच येतो. बैठक २५ मिलिमीटर लांब केली तर त्याच प्लेमध्ये टोकाला ०.२८ मिलिमीटर एवढाच फरक उरतो. फिट घट्ट करण्यापेक्षा बैठक लांब करणे हा यावरचा खरा उपाय आहे. आणि फिट सैल राहिले की वाफेलाही वाट मिळते आणि परिचारिकेलाही त्रास होत नाही.

पण त्याहून बारीक गोम तुमच्या शून्य करण्याच्या पद्धतीत आहे. जबडे मिटवले की दोन्ही बाहू एकमेकांना बाहेरच्या दिशेने ढकलतात. रुग्णाच्या तोंडात मात्र दात बाहूंना आतल्या दिशेने ढकलतात. म्हणजे शून्य करताना प्ले एका बाजूला बसतो आणि मोजताना विरुद्ध बाजूला. मिटवून केलेले शून्य या प्रकारच्या उपकरणात प्ले झाकत नाही, उलट तो पूर्णच्या पूर्ण मापात टाकते. म्हणून शून्याची तपासणी मिटवून करू नका. पोलादाच्या ठोकळ्यात वायर कटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) बरोबर ३० मिलिमीटर रुंदीची खाच कापा आणि बाहू त्या खाचेत उघडून भिंतींना टेकवा. तेथे बळाची दिशा तोंडातल्यासारखीच असते. पट्टीवरच्या रेघाही अशाच खाचांवरून जुळवा. ३० हे माप मुद्दाम सांगतो आहे, कारण निर्णय त्याच आकड्यावर बदलतो.

आणि जोड कोठे, तर माझ्या मते नवा जोड करूच नका. सरकपट्टीत एक जोड आधीच असतो: सरकणारा भाग. वरचा बाहू आणि मोजपट्टी एकाच पत्र्यातून, काटकोनात कापा, म्हणजे तेथे प्लेचा प्रश्नच राहत नाही. खालचा बाहू आपल्या २५ मिलिमीटर लांब सरक्यासह पट्टीच्या मोकळ्या टोकाने सरळ बाहेर निघू द्या. स्क्रू नको, गोळी नको. सरक्याला पेटीसारखा बंद न करता इंग्रजी सी अक्षरासारखा एका बाजूने उघडा ठेवा, म्हणजे आत ब्रश जाईल. मोजताना दातांच्या दाबाने सरका किंचित तिरपा होऊन पट्टीवर स्वतःच अडकतो. सुताराच्या क्लॅम्पचा सरका असाच धरतो. त्यामुळे रुग्णाच्या तोंडातून काढल्यावरही वाचन हलत नाही. फक्त पट्टी व सरका दोन्ही ३१६ प्रकारच्या स्टेनलेस पोलादाचे करू नका. ते एकमेकांवर घासून ओरखडे पडतात आणि चिकटतात. सरका १७-४ पीएच प्रकारच्या पोलादाचा करून कठीण करून घ्या.

निद्रादेवी

हे दोन तुकड्यांचे रूप मला पटते. दोन्ही तुकडे हाताएवढे लांब आहेत, तोंडात सुटून पडण्यासारखे काहीच उरत नाही. एक पर्याय मात्र नोंदवून ठेवते: पायऱ्या असलेली त्रिकोणी पोलादी पट्टी दातांमध्ये हलकेच सरकवून ज्या पायरीवर अडते तो आकडा वाचणे. त्यात सुटा भागच नाही. तिची अडचण अशी की अंगठ्याने थोडा जोर दिला की रुग्णाचे तोंड ती स्वतःच उघडते आणि माप मोठे येते, विशेषतः हलणारे दात असतील तर. सरक्याचे उपकरण त्या मानाने हाताला जास्त सौम्य वाटेल.

रुग्णांवर वापरण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी सोडू नका. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची संमती, आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार चाचणीसाठी मर्यादित संख्येने उपकरणे बनवण्याचा परवाना. त्यासाठी अर्ज एमडी-१२ नमुन्यात करायचा असतो आणि परवाना एमडी-१३ नमुन्यात मिळतो. टूलरूममध्ये तुम्ही कितीही नमुने करा, पण 'फक्त एकदा लावून पाहू' असे म्हणून तो ओपीडीत नेऊ नका.

करवीरकर

जुना_टूलमेकर यांनी सांगितलेली बळाच्या दिशेची गोष्ट आजच खाचेच्या ठोकळ्यावर पडताळली. जुन्या नमुन्यातही खाचेत शून्य जुळवल्यावर बाहू काढून-बसवून येणारा फरक लक्षणीय कमी झाला. नवे दोन तुकड्यांचे रेखाटन तयार आहे: पट्टी ३१६ एल, सरका १७-४ पीएच, सरक्याची लांबी २५, प्ले अर्धा दशांश, आतले सर्व कोपरे गोल. बाहूंच्या जोड्या ठेवण्याऐवजी अख्खी उपकरणेच अनेक करता येतील, कारण आता त्यात महाग असे काही उरलेले नाही.

दाबपात्र साहेबांना दोन प्रश्न आहेत. रेघा आणि आकडे लेझरने कोरावेत की रसायनाने? आणि खाचेच्या ठोकळ्यावर प्रत्येक वेळी तपासणी करायची म्हटली, तर निर्जंतुक केलेले बाहू त्या ठोकळ्याला लागून पुन्हा अस्वच्छ होणार नाहीत का?

दाबपात्र

लेझरची खूण चालते, पण ती खोल कोरलेली नसावी. उष्णतेने पोलादाचा पृष्ठभाग केवळ काळा करणारी खूण करून घ्या, आणि त्यानंतर पॅसिव्हेशन (पोलादावरचा गंजरोधक थर पुन्हा तयार करणारी आम्लाची प्रक्रिया) करा. लेझरने तापलेल्या रेघेवर गंज धरण्याची शक्यता सर्वाधिक असते. वाफेच्या अनेक फेऱ्यांनंतर आकडे वाचता येतात का, हे तुम्ही स्वतः तपासून सूचनापत्रात लिहायचे असते. पुनर्वापराच्या साधनांसाठी निर्मात्याने काय काय कळवावे याचे मानक आयएसओ १७६६४ भाग १ आहे, त्याची २०२१ ची आवृत्ती मिळवा. कोणते डिटर्जंट, कोणता ब्रश, भाग कसे वेगळे करायचे, किती अंशांवर किती वेळ, आणि साधन केव्हा बाद करायचे, हे सर्व त्यात येते. जुळवलेल्या अवस्थेत नव्हे, तर दोन तुकडे वेगळे करूनच पाकिटात ठेवावेत हे आवर्जून लिहा. सरका पट्टीवर चढलेला असेल तर त्याखाली वाफ पोहोचेल याची हमी नाही. सरक्याला तेल लावण्याची सूचनाही कोणी देऊ नये. तेलाचा थर वाफेला अडवतो. त्यासाठी पाण्यात मिसळणारे, साधनांसाठीचे वेगळे वंगण मिळते.

ठोकळ्याचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचे उत्तर आमच्या विभागात आहे, ओपीडीत नाही. धुऊन कोरडी झालेली साधने पाकिटात भरण्यापूर्वी आम्ही एका स्वच्छ टेबलावर भिंग धरून तपासतो: कात्रीची धार, चिमट्याची पकड, बिजागरीतली घाण. तुमचा खाचेचा ठोकळा त्या टेबलावर ठेवा. तुकडे जोडून ३० च्या खाचेत वाचन घ्यायचे, बरोबर आले की पुन्हा वेगळे करून पाकिटात भरायचे, न आले की लाल ट्रेमध्ये. अस्वच्छ होण्याचा प्रश्न तेथे येत नाही, कारण वाफ त्यानंतर मिळणार आहे. ठोकळा मात्र वॉर्डात पाठवू नका, आणि प्रत्येक विभागाला एकच द्या, म्हणजे तो हरवला की लगेच लक्षात येईल.